बहात्तर चाचण्या

मंगळवार, १७ नोव्हेंबर. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. आत्ताच ब्रश धुतले, बोटांचा निळा रंग टर्पेंटाइनने काढला आणि दुकानातल्या टेबलावरचे रंगाचे डबे एका बाजूला सारून हा कागद पुढ्यात घेतला.

ताई,

आधी तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मावशीलाही माझा नमस्कार सांग. एरवी मी दुसऱ्या ओळीत तुझी तब्येत विचारतो. आज विचारत नाही, कारण ती कशी असेल ते मला ठाऊक आहे.

मावशीचा मुलगा उद्या सकाळी गाडी घेऊन तिकडे परत जातोय. त्याच्या हाती हे पत्र आणि एक जाड पाकीट देतो. पाकीट फोडण्याआधी एवढं कर. केसांच्या गोळ्यांची जी बाटली तू बरोबर नेलीस ती आजपासून बंद. एकही घ्यायची नाही. थायरॉईडची गोळी मात्र सध्या घेतेस तशीच चालू ठेव, मनाने कमी नाही आणि जास्तही नाही. पुढच्या गुरुवारी, २६ तारखेला, सकाळी गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं आहे. कुठे आणि कसं ते सगळं पाकिटातल्या चिठ्ठीवर आहे. का, ते पुढे लिहितो.

इकडे ठीक आहे. न्हाणीघरातला नळ मी स्वतःच दुरुस्त केला, आता टपकत नाही. घरमालकाने जिन्यातला दिवा बसवला. शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, "ताई कधी येणार?" मी म्हटलं, हवापालटाला गेलीय. काकू म्हणाल्या, "हवापालटाला की भावपालटाला?" आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी भांडी घासायला घेतली.

कामही बरं चाललंय. शाळेच्या फाटकाचं झालं, दोन दुकानांच्या पाट्या झाल्या. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतला एक फलक गेल्या शुक्रवारी केला. तोच सांगायचा आहे. मी तुला त्यानंतर दोनदा फोन केला तो त्यासाठीच. दोन्ही वेळा मावशीने उचलला, "काय रे, काय झालं?" विचारलं, आणि मी दोन्ही वेळा म्हणालो, "काही नाही, सहज." सहज म्हणून फोन करणारा मी आहे का, ताई? मावशीलासुद्धा ते पटलं नसणार.

शुक्रवारी प्रयोगशाळेच्या मालकांनी मजकुराचा कागद दिला. तीन फूट बाय दोन फुटांचा पत्रा, पांढऱ्यावर निळी अक्षरं. नेहमीप्रमाणे खडूची दोरी मारून ओळी आखल्या, पेन्सिलीने अक्षरं बसवली. तुला माहीत आहे, रंगवताना मी वाक्य वाचत नाही, अक्षर वाचतो. काना, मात्रा, वेलांटी, एकेक. मजकूर असा होता: "केस व नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी सांगावे. थायरॉईड व हॉर्मोनचे अहवाल चुकू शकतात."

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीतल्या "चुकू"तल्या "कू"ला उकार देताना माझा हात थांबला आणि पहिल्यांदाच ते सगळं मी वाक्य म्हणून वाचलं.

मालक आतून बाहेर आले. "काय पेंटर, रंग संपला?"

मी विचारलं, "हे खरं आहे का? केसांच्या गोळीने?"

"अरे, खरं म्हणजे! काही मशीनवर आकडा भलताच येतो. आपलं मशीन त्यातलंच. डॉक्टर लोक आमच्या नावाने शंख करतात. रक्तात दोष नसतो, माणसात नसतो, त्या गोळीमुळे मशीन फसतं."

"मग जूनमध्ये हा बोर्ड का नव्हता?"

"जूनमध्ये तोंडी विचारत होतो की. घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा विचारतोच, कुठल्या गोळ्या चालू आहेत म्हणून."

विचारलं होतं त्याने. तुला आठवतं का, ताई? सोमवार, २२ जून, सकाळचे सात. तो मुलगा आपल्या खाटेच्या कडेवर बसला होता, तू दंड पुढे केला होतास. त्याने विचारलं आणि तू म्हणालीस, "थायरॉईडची, आणि ते एक केसांचं..." मी तुला पुढे बोलू दिलं नाही. दारातूनच म्हणालो, "फक्त थायरॉईडची. लिहा." तू माझ्याकडे बघितलंस आणि डोक्यावरचा रुमाल पुढे ओढलास. मला वाटलं, परका पोरगा, त्याच्यासमोर तुझ्या डोक्याची चर्चा कशाला? तू घरातसुद्धा रुमाल बांधून वावरत होतीस. मी तुझी अब्रू राखतोय असं मला वाटत होतं.

पण सुरुवात तिथेही नाही. सुरुवात त्याच्या तीन दिवस आधी झाली, आणि ती मी तुला कधीच सांगितलेली नाही.

डॉक्टरीणबाईंकडे तू आत गेलीस, मी बाहेर बाकावर बसलो. तू चिठ्ठी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "कागदाचं तू बघ, गोळी गिळायचं मी बघते." चिठ्ठीवर चार चाचण्या होत्या. दोन थायरॉईडच्या. दोन हॉर्मोनच्या, केस का गळतात आणि पाळी का चुकते ते बघण्यासाठी. मी काय केलं असेल ते तू ओळखशीलच. चार प्रयोगशाळांचे दर आणले, वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून तक्ता केला, येण्याजाण्याचा खर्चसुद्धा धरला. तू हसली होतीस, "भाजीवालीकडेही एवढी घासाघीस करत नाहीस रे." सर्वांत कमी दर याच मालकांकडे निघाला, चारही मिळून अकराशे ऐंशी.

तिथे काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "यातल्या एका चाचणीला पाळीचा दुसरा-तिसरा दिवस लागतो. पेशंटची तारीख काय?"

माझ्या मागे पाच-सहा माणसं होती. मालक बाजूलाच होते आणि मला ओळखत होते, आठवड्यापूर्वीच मी त्यांचा दरफलक रंगवला होता. ताई, "प्रोलॅक्टिन" हा हॉर्मोनच्या चाचणीचा शब्द मी त्याच भिंतीवर चार इंच उंचीच्या अक्षरांत लिहिलाय, एकही चूक न करता. पण बहिणीच्या पाळीची तारीख माझ्या तोंडून निघेना. मुलगी म्हणाली, "घरी फोन करून विचारा ना." मी फोन हातात घेतला, तुझा नंबर काढला आणि परत खिशात ठेवला. मग भिंतीकडे बघितलं. तिथे माझ्याच अक्षरात होतं: संपूर्ण शरीर तपासणी, बहात्तर चाचण्या, नऊशे नव्याण्णव.

मी म्हणालो, "हे करा. यात थायरॉईड आहे ना?"

"आहे. पण डॉक्टरांनी लिहिलेल्या बाकीच्या यात येत नाहीत हं."

"चालेल."

बाहेर पडल्यावर मी स्वतःची समजूत घातली. चारांना अकराशे ऐंशी आणि बहात्तरांना नऊशे नव्याण्णव, वर घरी येऊन रक्त नेणार. कोण शहाणा चार घेईल? रस्ताभर मी हेच गणित करत आलो, आणि घरी येईपर्यंत मला ते खरंच वाटायला लागलं होतं. तू विचारलंस, "सगळ्या करणार ना रे?" मी म्हणालो, "सगळ्या काय, वर अडुसष्ट जास्त."

अहवाल बुधवारी आला. सात पानं, रंगीत. त्यात तुझं सगळं होतं, यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल, लोह, आणि सगळ्यापुढे हिरवी खूण. फक्त थायरॉईडच्या पहिल्या ओळीत लाल बाण खाली. आकडा हवा होता किमान शून्य दशांश चार, आणि होता शून्य दशांश शून्य आठ. आकडा खाली गेला म्हणजे गोळी जास्त होतेय, एवढं मला मागच्या दोन वर्षांच्या कागदांवरून कळत होतं.

आता जे लिहायचं आहे त्याआधी मी उठून पाणी पिऊन आलो. तीन वाजायला पाच मिनिटं आहेत.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन म्हणालो, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरची गोळी जास्त होतेय. आता पन्नासची घ्यायची." ताई, मी डॉक्टरीणबाईंकडे गेलोच नव्हतो. गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, बाकीच्या तीन कुठे आहेत? का नाही केल्या? दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलो होतो, हे खरं. तिथून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला जुनी चिठ्ठी दाखवून म्हटलं, पन्नासची द्या, बदललीय. त्याने दिली. एवढं सोपं होतं ते.

तू "बरं झालं, गोळी निम्मी झाली," म्हणालीस. वर मला म्हणालीस, "तू होतास म्हणून, नाहीतर मला कोण हे कागद समजावून सांगणार?"

मशीन फसलं होतं. तुझी शंभरची गोळी बरोबर होती. जे तुझ्या शरीराला पुरेसं मिळत होतं ते मी निम्मं केलं, आणि पाच महिने निम्मंच देत राहिलो.

आता मला सगळं दिसतं. पंख्याखाली मी उघडा बसायचो आणि तू स्वेटर घालून. सकाळी तुझा चेहरा सुजलेला असायचा, तू म्हणायचीस, "झोप जास्त झाली." तुझा आवाज जाड झाला. गॅस चालू ठेवून तू दुसऱ्या खोलीत जाऊन बसलीस, दोनदा. वाक्य अर्धं बोलून थांबायचीस आणि मी घाईने पुढचा शब्द पुरवायचो. मी चिडायचो, ताई. चेहऱ्यावर दाखवायचो नाही असं मला वाटायचं, पण दाखवायचो.

आणि मग ऑक्टोबरची ९ तारीख. अकरा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसून तू एक उसवलेली शिवण सुटू दिली नाहीस. त्या दिवशी तुझ्या हाताखालून चाळीस शर्ट गेले, एक बाही लांब, एक आखूड. मुकादम सगळ्यांसमोर बोलला आणि त्याने हिशेब करून तुला घरी पाठवलं. तू आलीस तेव्हा मी जेवत होतो. तू दारातच म्हणालीस, "मला दिसतच होतं रे, पण हात उचलून बाजूला काढायचं सुचेना." मी काय बोललो ते लिहिलं पाहिजे, नाहीतर हे पत्र लिहून उपयोग नाही. मी म्हणालो, "हल्ली तू काम करतेस की झोपा काढतेस? खायला काळ आणि भुईला भार."

आई गेल्यावर ज्या बाईने कारखान्यातून येऊन रोज माझं शुद्धलेखन घेतलं, नववीत माझी शाळा सुटली तेव्हा स्वतःच्या लग्नाचा विषय मिटवून मला ब्रश घेऊन दिले, तिला मी हे बोललो. तू माझ्या ताटात आणखी वाढलंस आणि आत गेलीस. तिसऱ्या दिवशी "चार दिवस मावशीकडे राहून येते" म्हणून गेलीस. त्याला आता पाच आठवडे झाले.

तुला खरंच सुचत नव्हतं. तो आळस नव्हता, वयही नव्हतं. तुझं काहीही चुकलेलं नाही. हे मी फलकावरच्या अक्षरांएवढं मोठं लिहिलं असतं, कागद लहान पडला.

काल, सोमवारी, मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नंबर काढला, बसलो, सातवा होतो. आत जाऊन तुला इथे लिहिलं तसंच सगळं सांगितलं, फक्त कमी शब्दांत. सात पानं त्यांच्यासमोर ठेवली. त्या एकेक पान उलटत गेल्या.

"बहात्तर केल्या, आणि मी लिहिलेल्या चारांतली यात एकच?"

"हो."

"बाकीच्या का नाहीत?"

"विचारायची लाज वाटली."

त्यांनी चष्मा काढला. "पेशंट कोण होतं, तू की ती?" मग पुन्हा पहिल्या पानापासून अहवाल चाळला. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाल्या, "स्वस्तात करायच्या होत्या ना? मग मला विचारायचं. मी म्हटलं असतं, आधी थायरॉईडच्या दोन कर, हॉर्मोनच्या पुढच्या महिन्यात. थांबता येत होतं. हे बाकीचं तुझ्या बहिणीला काही उपयोगाचं नव्हतं."

मी विचारलं, "उद्यापासून शंभरची चालू करायला सांगू का?" तेव्हा मात्र ओरडल्या. "पुन्हा तूच ठरवणार? तिला बघितल्याशिवाय, रक्ताचा आकडा आल्याशिवाय, मीसुद्धा ठरवणार नाही." केसांची गोळी आठवडाभर बंद, मग रक्त, मग त्या स्वतः किंवा तिकडचे कुणी डॉक्टर तुला तपासून ठरवतील. अचानक खूप गुंगी आली, श्वास लागला, अंग गार पडलं तर २६ तारखेची वाट बघायची नाही, लगेच दवाखान्यात जायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मावशीला हा भाग वाचून दाखव. म्हणाल्या, योग्य गोळी मिळाली की बहुतेक सगळं हळूहळू मागे येतं, काही आठवडे लागतील. मी "बहुतेक" हा शब्द घरी येईपर्यंत घोळवत होतो.

तिथून प्रयोगशाळेत गेलो. त्यांची एक शाखा मावशीच्या घराजवळच्या चौकात आहे. काउंटरवर तीच मुलगी. मी चिठ्ठी पुढे केली आणि म्हणालो, "या चार. माझ्या बहिणीच्या आहेत. पाळी अनियमित आहे, तारखेचं कसं करायचं?" बोललो तेव्हा माझा आवाज जरा मोठाच झाला असणार. मागच्या आजोबांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. "बाळा, विचार सगळं, पण जरा भरभर. मला उपाशीपोटी यायला सांगितलंय." मुलगी म्हणाली, तारीख त्यांच्या हातात नसेल तर बाकीच्या तीन आधी द्या, चौथी पाळी आल्यावर दुसऱ्या दिवशी द्या, पैसे भरलेलेच राहतील. पावती फाडून दिली. एवढंच होतं ते, ताई. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तारखेचं मला कळवू नकोस असं मी आधी लिहिलं होतं. ती ओळ खोडली आहे. कळवावंसं वाटलं तर कळव. नाही वाटलं तरी मी विचारणार नाही असं होणार नाही, मी विचारीन.

डॉक्टरीणबाईंकडे शनिवार, २८ तारीख, सकाळी अकराची वेळ घेऊन ठेवली आहे. तू तिकडच्या डॉक्टरांना दाखवणार असशील तर तसं कर, त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी पाकिटात आहे, जूनचा अहवालही आहे. त्यावर मी लाल शाईने लिहिलंय, "बायोटिन चालू असताना घेतलेले रक्त." इकडे यायचं ठरवलंस तर मी न्यायला येईन. मी आलेला नको असेन तर मावशीच्या मुलाबरोबर ये. घरात मी नसावं असं वाटलं तर तेही सांग, मी दुकानाच्या मागच्या खोलीत झोपेन, इथे जागा आहे. यातलं काहीही नको असेल तर फक्त २६ तारखेला रक्त दे. बाकी सगळं नंतर.

कारखान्यात मुकादमाला भेटून आलो. त्याला सांगितलं, आजार होता, चूक माझी होती. तो म्हणाला, डॉक्टरांचा कागद आणा, मग बघू. नक्की काही बोलला नाही. खोटी आशा दाखवत नाही.

हिशेब लिहिल्याशिवाय मला पत्र संपवता येत नाही. तू हसशील, किंवा हसणार नाहीस.

झालेला खर्च. जून, बहात्तर चाचण्या: ९९९. केसांच्या गोळ्या, एप्रिलपासून चार बाटल्या, प्रत्येकी ४८०: १९२०. काल, डॉक्टरीणबाईंची फी: ५००. काल, चार चाचण्यांचे आगाऊ: ११८०. एकूण ४५९९.

तुझं देणं. बुडालेला पगार, पाच आठवडे, आठवड्याला १८०० प्रमाणे: ९०००. त्यातले २००० पाकिटात आहेत. बाकी ७०००, दर शनिवारी ५०० पाठवीन.

आणखी एक. २४ जूनला सकाळी, डॉक्टरीणबाईंना अहवाल दाखवायला म्हणून तू स्वतःच्या पगारातून मला दिलेस ते: ५००. त्यांतून मी ४८०ची दुसरी बाटली आणली. तुझेच पैसे तुझ्याच केसांवर खर्च केले म्हणून तेव्हा ती चोरी वाटली नव्हती. ते वेगळ्या लिफाफ्यात ठेवलेत, पूर्ण पाचशे. मोजून घे.

तुझा भाऊ,
अजून म्हणवून घेत असशील तर.